पल्सर १५० अपग्रेड करावी की थेट एनएस २०० घ्यावी?

अमेरिकेत मसल कारवाल्यांचा एक जुना वाद आहे: हातातल्या गाडीची ताकद वाढवायची, की कंपनीतूनच जास्त ताकद घेऊन निघालेली गाडी घ्यायची? शहापूर-मुरबाडकडे मसल कार नाहीत, पण वाद तोच आहे. फक्त गाडीचं नाव पल्सर. २००१ साली बाजारात आलेली ही गाडी आजही गावोगाव दिसते. काही वर्षं वापरली की वाटतं, 'पिकअप कमी पडतोय.' मग गॅरेजमध्ये विषय निघतो: सायलेन्सर बदल, फिल्टर बदल, ब्लॉक मोठा टाक. चला, दोन्ही पर्याय आकड्यांवर तपासू.

आधी कागदावरचे आकडे

- पल्सर १५०: १४९.५ सीसी, सुमारे १४ पीएस, ५ गिअर, हवेवर थंड होणारं इंजिन, वजन अंदाजे १४८ किलो.
- पल्सर एनएस २००: १९९.५ सीसी, २४.५ पीएस, ६ गिअर, रेडिएटरवालं इंजिन, वजन अंदाजे १५८ किलो.

म्हणजे वजन जेमतेम १० किलो जास्त, पण ताकद ७५ टक्के जास्त. ७० किलोचा चालक धरला तर १५० मध्ये दर टनामागे ६४ पीएस मिळतात आणि एनएस २०० मध्ये १०७.

आता समजा, सायलेन्सर आणि फिल्टर बदलून १५० ची ताकद १० टक्के वाढली. प्रत्यक्षात नुसत्या सायलेन्सरने एवढीही वाढेलच असं नाही. तरी हिशोब ७१ पर्यंतच जातो. टॉप स्पीडचं तर विचारूच नका. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. ढोबळ नियम असा की, लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे १० टक्के ताकद वाढवून वेग फक्त ३ टक्के वाढतो. ताशी ११० चे ११३. आवाज मात्र दुप्पट झाल्यासारखा वाटतो, आणि त्यामुळेच गाडी पळतेय असा भास होतो.

कोणत्या बदलाने काय होतं?

*फ्री-फ्लो सायलेन्सर:* कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट न बदलता हा लावला तर पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडू शकतं. बीएस-६ गाडीत इंधनाचं प्रमाण ईसीयू ठरवतो, त्यामुळे तिथे नुसता पाइप बदलून फार काही हाती लागत नाही.

*पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान:* पिकअप खरोखर सुधारतो. पण ताकद वाढत नाही. टॉप स्पीड आणि मायलेज दोन्ही कमी होतात.

*मोठा ब्लॉक-पिस्टन:* ताकद वाढते, त्याबरोबर उष्णताही. मूळ इंजिन हवेवर थंड होतं. डबल सीट बसून माळशेज घाटात खालच्या गिअरमध्ये, कमी वेगाने चढताना इंजिनावर वारा कमी लागतो आणि उष्णता नेमकी तेव्हाच जास्त तयार होते. क्लच आणि गिअरबॉक्सही मूळ १४ पीएसच्या हिशोबाने बनवलेले असतात.

खरा प्रश्न थांबण्याचा

मुरबाडहून सरळगाव, टोकावडे करत माळशेजला जाणारा रस्ता घ्या, किंवा शहापूरहून किन्हवलीकडे जाणारा. वळणं, गुरं, अचानक रस्त्यावर येणारी माणसं आणि पावसाळ्यात धुकं.

ओल्या रस्त्यावर बऱ्यापैकी टायर आणि एक सेकंदाचा प्रतिक्रियेचा वेळ धरला, तर ताशी ६० वर गाडी थांबायला साधारण ४५ मीटर लागतात. ताशी ८० वर तेच अंतर ७० मीटरच्या वर जातं. वेग वाढला फक्त २० ने, अंतर वाढलं २५ मीटरने.

कंपनी वेगवान मॉडेल काढते तेव्हा इंजिनासोबत बाकीचंही वाढवते. एनएस २०० ची पुढची डिस्क ३०० मिलिमीटरची आहे, जुन्या पल्सर १५० ची २४० ची. टायर रुंद, चॅसी वेगळी. अपग्रेडमध्ये वेग आधी येतो, ब्रेकचा विचार नंतर होतो, बऱ्याचदा होतच नाही.

कायद्याने दुचाकीला चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि साध्या रस्त्यावर ६० हीच कमाल मर्यादा आहे. फलकावर कमी लिहिलं असेल तर तेवढीच. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो, पण तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. त्यामुळे जास्त ताकदीचा उपयोग टॉप स्पीडला नाही, तर कसारा घाटात चढणीवर ट्रक लवकर आणि सुरक्षित ओलांडायला.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीमधल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्कश सायलेन्सरसाठी कलम १९० खाली दंड १०,००० पर्यंत जातो.

त्याहून मोठा फटका विम्याचा. न कळवता इंजिन बदललेलं असेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. हा खर्च गॅरेजच्या बिलात कधीच दिसत नाही.

पैसे कुठे घालावेत?

अपग्रेडवर घातलेले पैसे गाडी विकताना सहसा परत मिळत नाहीत. उलट, गिऱ्हाईक बदललेल्या इंजिनाला बिचकतं. वेगवान मॉडेल घेताना मात्र जुनी गाडी विकून पैसे उभे राहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या विम्यावरचा नो क्लेम बोनसही नव्या गाडीवर घेता येतो, तो मागायला विसरू नका.

सेकंडहँड एनएस २०० घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ बघा. सायलेन्सर आणि इंजिन मूळचंच आहे ना, हेही तपासा.

थोडक्यात

'पिकअप कमी' वाटत असेल तर आधी क्लच प्लेट, एअर फिल्टर, प्लग, चेन सेट, टायरमधली हवा आणि कॉम्प्रेशन तपासा. बऱ्याचदा हरवलेली ताकद इथेच सापडते. मग चांगले टायर आणि ब्रेक पॅड टाका. रोज आसनगाव स्टेशन किंवा मुरबाड एमआयडीसीपर्यंतच जायचं असेल, तर १५० पुरेशी आहे.

हे सगळं करूनही ताकद कमीच पडत असेल, तर ब्लॉक-पिस्टनवर खर्च करू नका. तेच पैसे एनएस २०० च्या डाऊन पेमेंटमध्ये घाला. तिथे वाढलेल्या वेगाबरोबर तो वेग आवरणारे ब्रेकही मिळतात.