तळटीप : ‘निळे औषध’
मूळ लेखातील ‘निळे औषध’ म्हणजे अमेरिकी रसायनज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांचे मोरचूद, धुण्याचा सोडा व सोडियम सायट्रेट यांचे द्रावण होय. त्याच्या ५ मिलिलिटरांत लघवीचे ८ थेंब टाकून नळी उकळली असता शर्करेच्या प्रमाणानुसार निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी व अखेर विटकरी होतो. आणि स्पिरिटच्या दिव्याखेरीज फारसा सरंजाम लागत नसल्याने, यवतमाळ मुलखातील आडगावच्या दवाखान्यासही ही परीक्षा परवडणारी. तथापि रक्तातील शर्करा १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावाचून ती बहुधा मूत्रात उतरत नाही. सबब नळी निळीच राहिली म्हणजे मधुमेह नाही, हा लेखकाचा निर्वाळा, विशेषतः व्याधीच्या आरंभावस्थेत आणि तोही उपाशीपोटीच्या नमुन्यावरून, ग्राह्य धरता येत नाही. (संपा.)