बागेतले पाणी आणि पनामाचा ताप

आजचा विषय घरच्या बागेचा आहे, पण सुरुवात करायची आहे एका हॉस्पिटलपासून. आपल्या अंगणात आपण जे लावतो, जे बांधतो, त्याने घरात कोण कोण शिरते, याचे इतके महाग उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

साल १८८१. फर्दिनांद द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने पनामात कालवा खणायला घेतला. मजुरांमध्ये तापाची साथ होतीच, म्हणून पनामा शहराजवळ आंकोन टेकडीच्या उतारावर मोठे हॉस्पिटल उभारले. शुश्रूषेला नन होत्या, आणि भोवती हौसेने लावलेली फुलझाडांची बाग. त्या काळी कुजट, दलदलीच्या हवेने ताप येतो असे डॉक्टरही मानत. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘वाईट हवा’. मग बाग करण्यात कुणाला काय गैर वाटणार?

अडचण होती मुंग्यांची. तिथल्या पानकाप्या मुंग्या एका रात्रीत झाड बोडके करायच्या. त्यावर उपाय निघाला: झाडाच्या बुंध्याभोवती मातीचे कडे, आणि त्यात पाणी. मुंगीला पाणी ओलांडता येत नाही, झाड वाचले! वॉर्डातही तीच युक्ती. खाटेचे पाय पाण्याच्या भांड्यात ठेवले, म्हणजे रोग्याच्या अंगावर किडे चढायचे नाहीत. आपल्याला यात नवल वाटू नये. दुधाचे पातेले पाण्याच्या ताटात ठेवणारी आजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

आता हेच सगळे डासाच्या नजरेने बघा. पीतज्वराचा डास, म्हणजे एडिस, दलदल शोधत नाही. त्याला माणसाच्या जवळचे, भांड्यातले, थोडके, साचलेले पाणी हवे. बागेतल्या प्रत्येक कड्यात आणि प्रत्येक खाटेखाली ते हजर होते. खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. तापाच्या रोग्याला चावलेला डास शेजारच्या खाटेवर जाई. दुसऱ्याच दुखण्यासाठी दाखल झालेल्या माणसाला तिथे ताप लागे. नर्सिंग करणाऱ्या ननपैकीही अनेक जणी त्यात गेल्या. १८८९ मध्ये कंपनी बुडाली तोवर अंदाजे २२,००० माणसे मेली असे मानले जाते. सगळी त्या बागेमुळे नव्हेत, हे उघड आहे. पण वाचवण्यासाठी बांधलेल्या जागेतच रोगाची पैदास चालली होती, हेही खरे.

गंमत अशी की, त्याच १८८१ साली क्युबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी पीतज्वर डास पसरवतो असे मांडले होते. फार थोड्यांनी ऐकले. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने हवानात फिनले बरोबर होते हे सिद्ध केले. १९०४ पासून अमेरिकनांनी पनामाचे काम हाती घेतले तेव्हा डॉक्टर गॉर्गस हे ज्ञान घेऊनच तिथे गेले. नळाचे पाणी आणून घराघरातली पिंपे हटवली, खिडक्यांना जाळ्या लावल्या, साचलेल्या पाण्यावर तेल टाकले. वस्तीपासून २०० यार्डांपर्यंत आणि सुट्या घरापासून १०० यार्डांपर्यंत झुडपे-गवत छाटून एक फुटाच्या खाली ठेवायचे, असा दंडकच होता, कारण डास दिवसा तिथल्या ओलसर सावलीत बसतो. १९०६ अखेर पीतज्वर तिथून गेला.

याचा आपल्याशी संबंध काय? एक तर, कालवा खुला झाला की जहाजांतून पीतज्वर आशियात येईल, अशी धास्ती हिंदुस्थान सरकारला होती. त्याच्या अभ्यासासाठी मेजर एस. पी. जेम्स यांना पाठवले गेले. भीती खोटी नव्हती, कारण एडिस डास आपल्याकडे होताच. पीतज्वर आला नाही. पण आज डेंग्यू पसरवतो तो हाच डास.

दुसरे म्हणजे मुंबई. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियावर अहवाल दिला. दोष निघाला घरोघरच्या विहिरींचा. तिथला डास वेगळा, अ‍ॅनोफेलिस स्टिफेन्सी, पण सवय तीच: घराजवळचे स्वच्छ पाणी. विहिरी बुजवायच्या म्हटल्यावर लोक चिडले, आणि ते साहजिक होते. विहिरीशी पूजा जोडलेली, धर्म जोडलेला. शेवटी काही बुजवल्या, काहींवर घट्ट झाकणे बसवली.

आता आपल्या बाल्कनीत या. कुंडीखालची बशी, मनी प्लँटची बाटली, अंगणातले हौसेचे कमळाचे टाके. आंकोनच्या कड्यांचीच ही भावंडे! अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतायचेच. पण नुसते ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन् महिने टिकतात. बशी घासावी लागते. किंवा तिच्यात वाळू भरा. टाके असेल तर गप्पी मासे सोडा.

बाग जरूर करा. त्या ननचे फुलांवरचे प्रेम चुकीचे नव्हते. झाडाला पाणी घालून झाले की उरलेले कुठे साचते, तेवढे वाकून बघा.