सणाच्या पुरणाने शेतकरी बुडाला काय?

१/ भांडगावची यात्रा आमच्या पिढीला आठवते ती वासाने. घराघरांत शिजणारे पुरण, कटाच्या आमटीचा मसाला, पाकात सोडलेली जिलेबी, कागदाच्या पुड्यातील गोडी शेव आणि रेवड्या. याच ताटावर दीडशे वर्षांपूर्वी एक गंभीर आरोप झाला होता. त्या आरोपाची ही हकिकत.

२/ १२ मे १८७५. आजचा दौंड-बारामतीचा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे. त्यातील सुपे या बाजारपेठेत रयतेने सावकारांची घरे-दुकाने घेरली आणि खतपत्रे, वह्या जाळल्या. हेच 'दख्खनचे दंगे'. जमावाचा रोख पैशापेक्षा कागदांवर होता, हे ध्यानात घ्यावे.

३/ रयत कर्जात बुडाली कशाने? ठरलेले उत्तर तयार होते: लग्ने, सण, जेवणावळी. कुणबी उधळा, म्हणून कर्जबाजारी! परंतु दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने निराळाच निष्कर्ष काढला. समारंभांच्या खर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे; खरा बोजा आहे तो पुनःपुन्हा काढाव्या लागणाऱ्या लहान कर्जांचा, म्हणजे पोटापुरते धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठीच्या. सरकारनेच नेमलेला आयोग हे म्हणत होता. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो याच घडामोडींतून.

४/ आता ते 'उधळे' ताट पाहा. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. रोजचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी. गव्हाची पोळी सणालाच, असे आमची आजी सांगे. पुरणाला हरभऱ्याची डाळ आणि गूळ. डाळ शिजवलेले पाणीसुद्धा फेकायचे नाही, त्याचीच कटाची आमटी. याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने स्वयंपाकघर पाहिले नसावे. शिवाय मराठेशाहीच्या कागदांत ग्रामदेवतेचा उत्सव गावखर्चात मांडलेला आढळतो. तो भार गावाने मिळून उचलायचा. आजची यात्रेची वर्गणी त्याच वळणाची.

५/ खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. पुढे मुठा कालव्याच्या पाण्याने दौंडकडे ऊस वाढला, गुऱ्हाळे आली. गहू-गुळाचे अप्रूप ओसरले.

६/ आणि इथे एक गंमत झाली. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी (परंपरा १६८५ पासूनची, नारायण महाराजांनी सुरू केलेली) यवतला मुक्काम करते आणि भांडगाववरून वरवंडला जाते. यवतचा बेत पिठलं-भाकरीचा. घरोघर थापलेल्या भाकऱ्या देवळात जमा होतात. एकेकाळी वारकऱ्याला आपल्या रोजच्या ताटातले वाढायचे, एवढाच त्याचा अर्थ असावा. आता रोज चपाती खाणारी आमच्या वयाची मुले वर्षभर वाट पाहतात ती याच पिठल्याची. पुरणपोळी तर हायवेवरच्या हॉटेलात बाराही महिने मिळते.