दिनविशेष : ३१ जानेवारी – नोव्ह्याचा पाडाव (१८१९)

निजामाच्या अमलाला आव्हान देणारे हटकर सरदार नोवसाजी नाईक मुटकुळे यांचा हिंगोली-नांदेड परिसरातील नोव्हा येथील किल्ला, ८ जानेवारीपासून चाललेल्या वेढ्यानंतर, मेजर पिटमन यांच्या फौजेने या दिवशी हल्ला करून घेतला. ही फौज निजामाची म्हणवली जाई; प्रत्यक्षात तिचे अधिकारी इंग्रज होते आणि तिचा गाभा हैदराबादचे रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचे दरबारातील प्रतिनिधी, हेन्री रसेल यांनी उभारलेली ‘रसेल ब्रिगेड’ हा होता. किल्ल्यातील शिबंदीत अरब शिपायांचा मोठा भरणा होता. तिने सुमारे तीन आठवडे दिलेली झुंज इतकी चिवट ठरली, की विजेत्या पलटणींनी ‘नोव्हा’ हे नाव पुढे रणसन्मान म्हणून मिरवले. याच फौजेतून घडलेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी हिंगोलीत १९०३पर्यंत होती.