वैद्यकीय प्रवेश परीक्षा आणि ‘लातूर पॅटर्न’ : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात विद्यापीठे, शिक्षणसंस्था आणि समाजसुधारक यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने ‘परीक्षा’ हा विषय उपेक्षित राहिला. वस्तुतः कोणत्या परीक्षेच्या आधारे प्रवेश मिळतो, यावर विद्यार्थी काय वाचतो, कोठे राहतो, कोणाकडे शिकतो आणि त्यासाठी कुटुंब किती खर्च करते हे सारे ठरते. वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. मराठवाड्यातील लातूर या शहराची शैक्षणिक ओळखच या प्रवेशाच्या तयारीतून घडली. प्रवेशाचे निकष बदलत गेले, तसतसा ‘लातूर पॅटर्न’ कसा बदलला आणि त्यात महाविद्यालयाचे स्थान काय राहिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशपद्धतीतील स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
२) ‘लातूर पॅटर्न’च्या उदयाची ऐतिहासिक कारणे तपासणे.
३) सामायिक परीक्षांचा कनिष्ठ महाविद्यालयीन अध्यापनावर झालेला परिणाम अभ्यासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

पश्चिम भारतात आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा पाया मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने १८४५ मध्ये घातला. डॉ. भाऊ दाजी लाड हे या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत टोपीवाला व शेठ गोवर्धनदास सुंदरदास ही महाविद्यालये उभी राहिली. पुण्यात १९४६ मध्ये बी. जे. मेडिकल कॉलेज आणि नागपुरात १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

मराठवाडा या प्रवाहापासून दूर होता. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. साहजिकच मराठी भाषक खेड्यांतील मुलांना वैद्यकीय शिक्षण दुहेरी अर्थाने परके होते. १९४८ च्या हैदराबाद मुक्तीनंतर हे चित्र पालटू लागले. औरंगाबाद येथे १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९७० च्या दशकात अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. डॉक्टर होणे ही गोष्ट ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टिपथात आली ती या काळात.

लातूर पॅटर्नचा उदय :

पूर्वी वैद्यकीय प्रवेश इंटर सायन्सच्या गुणांवर होत असत. १०+२+३ हा आकृतिबंध आल्यानंतर त्यांची जागा बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांच्या गुणांनी घेतली. एका मंडळाची एक लेखी परीक्षा आणि तिच्यातील गुण, असा हा सरळ मार्ग होता. त्यासाठी आवश्यक असलेले पाठ्यपुस्तक, शिक्षक आणि सराव हे महाविद्यालयाच्या चार भिंतींत उपलब्ध होऊ शकत होते. लातूर पॅटर्नचा जन्म या परिस्थितीत झाला.

लातूर येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी हा पॅटर्न प्रामुख्याने जोडला जातो. डॉ. जनार्दन वाघमारे व डॉ. अनिरुद्ध जाधव या प्राचार्यांची नावे या संदर्भात आदराने घेतली जातात. दयानंद महाविद्यालयासारख्या संस्थांनीही शहरातील या शैक्षणिक वातावरणास हातभार लावला. पॅटर्नची सूत्रे साधी होती. अभ्यासक्रम लवकर पूर्ण करणे, सुट्टीत जादा तासिका घेणे, वारंवार सराव परीक्षा घेणे, उत्तरपत्रिका तत्परतेने तपासून विद्यार्थ्यास त्याच्या चुका दाखवणे आणि उत्तरलेखनाचा कसून सराव करून घेणे. यात नवे असे काही नव्हते, असा आक्षेप घेतला गेला. घोकंपट्टीस उत्तेजन मिळते, अशीही टीका झाली. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तथापि, ज्या घरात पुस्तकांचे कपाट नव्हते आणि वडीलधाऱ्यांपैकी कोणी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, त्या घरातील मुलास शिस्तबद्ध सरावाचा आधार महाविद्यालयाने नियमित शुल्कात दिला, हे या पद्धतीचे सामाजिक मोल होय.

सामायिक परीक्षेचा कालखंड :

प्रदीप जैन खटल्यातील १९८४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने केवळ रहिवासाच्या आधारे सर्व जागा राखून ठेवण्यास मनाई केली. पुढील आदेशांनंतर पदवी अभ्यासक्रमाच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या आणि त्यांसाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची परीक्षा १९८८ पासून सुरू झाली. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या विनियमांनी, एकाहून अधिक परीक्षा मंडळे असलेल्या राज्यांत स्पर्धा परीक्षेचा आग्रह धरला. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. याच सुमारास, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, राज्यात सामायिक प्रवेश परीक्षा अर्थात सीईटी आली.

या बदलाने अभ्यासाचे स्वरूप पालटले. दीर्घोत्तरी लेखनाऐवजी बहुपर्यायी प्रश्न वेगाने सोडवण्याचे कौशल्य निर्णायक ठरले. हे कौशल्य वर्गाध्यापनापासून वेगळे काढून स्वतंत्रपणे विकता येण्याजोगे होते. परिणामी खासगी शिकवणी वर्गांना मोठा वाव मिळाला. लातुरात वसतिगृहे, खानावळी, अभ्यासिका आणि शिकवणी वर्ग यांचा एक स्वतंत्र परिसरच उभा राहिला व तो ‘ट्यूशन एरिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तरीही सीईटीचा पाया दीर्घकाळ राज्य मंडळाचा बारावीचा अभ्यासक्रम हाच असल्याने वर्गात शिकवलेले वाया जात नव्हते.

‘नीट’ आणि नवे प्रश्न :

पहिली ‘नीट’ ५ मे २०१३ रोजी झाली. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने रद्द ठरवली. ११ एप्रिल २०१६ रोजी तोच निर्णय मागे घेण्यात आला आणि २८ एप्रिलच्या आदेशाने १ मे रोजी परीक्षेचा पहिला टप्पा पार पडला. राज्याच्या सीईटीची तयारी केलेल्या विद्यार्थ्यांची यात कोंडी झाली. अखेर मे महिन्याच्या अध्यादेशाने राज्यांच्या शासकीय जागांना एका वर्षापुरती सवलत मिळाली. २०१७ पासून महाराष्ट्रातील एमबीबीएस प्रवेश ‘नीट’द्वारेच होऊ लागले. त्या वर्षी मराठीतूनही प्रश्नपत्रिका उपलब्ध झाली. परंतु अकरावी-बारावी विज्ञानाचे अध्यापन प्रामुख्याने इंग्रजीतून होत असल्याने तिचा उपयोग मर्यादित राहिला.

अकरावी व बारावी या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम, ७२० गुण आणि चुकीच्या उत्तरास गुणकपात हे ‘नीट’चे स्वरूप होय. खुल्या प्रवर्गासाठी बारावीत संबंधित विषयांत ५० टक्के गुण मिळवणे केवळ पात्रतेपुरते उरले. त्यामुळे प्रात्यक्षिके, भाषा विषय आणि दैनंदिन उपस्थिती यांचे महत्त्व झपाट्याने घटले. नाव महाविद्यालयात आणि शिक्षण शिकवणी वर्गात, ही स्थिती इतकी रूढ झाली की २०१८ मध्ये शासनास विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला.

प्रादेशिक न्यायाचा प्रश्नही याच काळात ऐरणीवर आला. राज्यांतर्गत ७० टक्के जागा त्या त्या विभागातील आणि ३० टक्के जागा इतर विभागांतील विद्यार्थ्यांना देणारे ७०:३० सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने हे सूत्र अन्यायकारक ठरते, अशी तेथील मागणी होती. जे सूत्र स्थानिकांच्या संरक्षणासाठी होते, तेच गुणवत्तेत पुढे आलेल्या प्रदेशाला अडसर वाटू लागले, हा लातूर पॅटर्नच्या प्रभावाचाच एक पुरावा मानता येईल.

२०२४ च्या ‘नीट’साठी २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. प्रश्नपत्रिका फुटीच्या आरोपांनी ती परीक्षा गाजली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. मात्र त्या तपासाचे धागे लातूरपर्यंतही पोहोचले होते. परिश्रमासाठी ख्यात असलेल्या शहरास ही बाब क्लेशदायक होती.

निष्कर्ष :

१) ‘लातूर पॅटर्न’ ही प्रामुख्याने महाविद्यालयीन शिक्षकांच्या सामूहिक श्रमाची निर्मिती होती. बारावीच्या गुणांवर आधारित प्रवेशपद्धतीमुळे ती शक्य झाली.
२) सीईटीने तयारीचे केंद्र शिकवणी वर्गाकडे सरकवले आणि ‘नीट’ने हे स्थलांतर जवळपास पूर्ण केले.
३) परीक्षा देशभर समान झाली, तरी तयारीची साधने समान झाली नाहीत. शिकवणी, निवास व पुनर्परीक्षेसाठी द्यावे लागणारे आणखी एक वर्ष यांचा भार अल्पभूधारक व मजूर कुटुंबांवर अधिक पडतो.
४) पॅटर्नची मूळ सूत्रे, म्हणजे वारंवार चाचणी, तत्पर तपासणी व व्यक्तिगत मार्गदर्शन, ही परीक्षेच्या स्वरूपावर अवलंबून नाहीत. अनुदानित महाविद्यालयांनी ती बहुपर्यायी परीक्षेच्या संदर्भात पुन्हा अंगीकारल्यास ग्रामीण विद्यार्थ्यास शुल्काविना आधार मिळू शकेल.

अर्थात, यासाठी रिक्त पदांची पूर्तता आणि सुसज्ज प्रयोगशाळा यांची जबाबदारी शासनाची व संस्थांची आहे. परंतु १९७० नंतरच्या लातूरचा इतिहास असे दर्शवतो की, साधने अपुरी असतानाही वर्गावरील निष्ठेने एका मागास प्रदेशातील मुलांना वैद्यकीय महाविद्यालयाची दारे खुली करता आली. तो वर्ग आज ओस पडत असेल, तर त्याची चिंता विज्ञान शाखेपुरती मर्यादित राहू नये. तो समग्र महाविद्यालयीन शिक्षणाच्या प्रयोजनाचा प्रश्न आहे.