व्हॅन झँट, स्टीव्हन

(२२ नोव्हेंबर १९५०– ). अमेरिकन रॉक गिटारवादक, अभिनेता व वर्णभेदविरोधी कार्यकर्ता. जन्म मॅसॅचूसेट्स राज्यात. बालपण न्यू जर्सीत गेले. १९७५ मध्ये तो ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘ई स्ट्रीट बँड’ या वाद्यवृंदात आला. हा वृंद लोकप्रियतेच्या शिखराकडे जात असतानाच, १९८४ साली, त्याने तो सोडला व राजकीय आशयाच्या स्वतंत्र गीतरचनेची वाट धरली. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेस जाऊन त्याने वर्णभेदाची प्रत्यक्ष पाहणी केली. बोफुथात्स्वाना या नाममात्र स्वतंत्र प्रदेशातील सन सिटी ह्या विलासनगरीत परदेशी कलावंतांना मोठे मानधन देऊन बोलाविले जाई. त्यामुळे सांस्कृतिक बहिष्कार दुबळा होऊन वर्णभेदी राजवटीला प्रतिष्ठा लाभे. तेथे न गाण्याचा निर्धार व्यक्त करणारे सन सिटी हे गीत त्याने लिहिले. १९८५ मध्ये माइल्स डेव्हिस, बॉब डिलन आदी सुमारे पन्नास कलावंतांनी ते ध्वनिमुद्रित केले. अनेक अमेरिकन नभोवाणी केंद्रांनी ते टाळले. तरीही वर्णभेदाविरुद्ध लोकमत जागविण्यास त्याचे साहाय्य झाले. पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकन काँग्रेसने दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक निर्बंध लादले. १९९९ मध्ये तो मूळ वृंदात परतला. द सोप्रानोज (१९९९–२००७) या दूरचित्रवाणी मालिकेतील सिल्व्हिओ डान्टे ही त्याची भूमिका विशेष गाजली.