चिमणरावांचा संसार आणि खानदेशांतील घरें

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ सालच्या अखेरीस धुळ्यास देह ठेवला, आणि त्यांनीं जमविलेल्या दप्तरांच्या रक्षणासाठीं त्याच गांवीं संशोधन मंडळ निघालें. तेव्हांपासून आम्हां खानदेशवासीयांस जुन्या कागदांची किंमत कळूं लागली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु सनदा, महजर आणि वंशावळी यांच्या पेटाऱ्यांत एक गोष्ट कधींच सांपडत नाहीं. ती म्हणजे घरांतला हंशा. आपले आजोबा कोणत्या लढाईंत होते तें आपण शोधून काढतों; ते रात्रीं जेवणें झाल्यावर कशाला हंसत, याचा दाखला कोणी ठेवीत नाहीं. विनोदी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारेही बहुधा हंसविणारांचीं चरित्रें देतात. हंसणारांची विचारपूस त्यांना करावीशी वाटत नाहीं.

वास्तविक एखादें काल्पनिक कुटुंब वर्षानुवर्षें घरोघर पाहुणचार घेऊं लागलें म्हणजे पाहुणे आणि यजमान या दोघांतही पालट होतो. मराठी घरांत असा दीर्घ पाहुणचार चिमणरावांच्या बिऱ्हाडानें घेतला. १९३२ सालीं 'एरंडाचें गुऱ्हाळ' आणि पुढल्याच वर्षीं 'चिमणरावांचें चऱ्हाट' या पुस्तकांतून निघालेलें हें बिऱ्हाड चित्रपटांत गेलें, दूरदर्शनवर आलें, आणि त्याचे धाकटे भाऊबंद शोभावेत असे टिपरे तर २००१ ते २००५ पर्यंत आमच्या दिवाणखान्यांत मुक्कामास होते. या प्रवासांत विनोद कसकसा बदलला, आणि तो जळगांव-धुळ्याकडील घरांतून कसा दिसला, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

चिमणरावांचे कर्ते चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १८९२ सालीं पुण्यास झाला, पण त्यांचें आयुष्य बऱ्याच अंशीं बडोद्यास पालीच्या अध्यापनांत गेलें. पुण्याच्या मध्यमवर्गीय संसाराचें हें चित्र बडोद्याच्या अंतरावरून पाहिलेलें आहे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. घरांत बसलेल्यास घराचें छप्पर दिसत नाहीं. तें दिसण्यास रस्त्यावर यावें लागतें. शिवाय, जातककथांच्या अभ्यासकास मनुष्याच्या मूर्खपणाकडे रागावून न पाहण्याची संवय असावी यांत नवल नाहीं.

जोशांच्या विनोदाची मुख्य युक्ति अशी कीं, सर्व हकीकत चिमणराव स्वतः सांगतात. बायको काऊ, मुलें मोरू, मैना व राघू, आणि दंडुका घेऊन हिंडणारा गुंड्याभाऊ, हीं सर्व माणसें आपणांस चिमणरावांच्या लेखणींतून भेटतात. ही लेखणी गंभीर आहे. आपण फजीत झालों हें चिमणरावांना नेहमीं उशिरा कळतें, कधीं कळतही नाहीं. वाचकास मात्र तें आधींच कळलेलें असतें. 'स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग' करूं पाहणारा मनुष्य स्वतःच प्रांजळपणें त्या प्रयोगांचा वृत्तांत देतो, यांतच सारी गंमत आहे. कोणीं कोणाला टपली मारली नाहीं तरी वाचक हंसतो. कारण स्वतःविषयींची समजूत आणि स्वतःची स्थिति यांतलें अंतर त्याला चिमणरावांच्या मिषानें आपल्याच ठिकाणीं दिसतें. १९३२ चा वाचक हंसत होता तो आपल्या अंगावरच्या कोटाला.

हें वाचक कोण होते? १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याची वांटणी झाली. पूर्व खानदेशाचें ठाणें जळगांव आणि पश्चिमेचें धुळें झालें. दोन्ही ठिकाणीं कचेऱ्या, कोर्टें व शाळा यांच्या आश्रयानें वकील, मास्तर व कारकून यांची वस्ती होती. तिच्याभोंवतीं कापसाच्या व्यापाराचें, शेतकऱ्यांचें आणि अहिराणी बोलणाऱ्या खेड्यांचें मोठें जग पसरलेलें होतें. पुण्याची पुस्तकें आगगाडीनें येत; धुळ्यास यावयाचें तर चाळीसगांवास गाडी बदलावी लागे. जळगांवास १९३६ सालीं माधव जूलियनांच्या अध्यक्षतेखालीं, आणि धुळ्यास १९४४ सालीं मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखालीं साहित्यसंमेलनें भरलीं, यावरून येथील वाचनाच्या हौसेची कल्पना येईल.

परंतु चिमणरावांचें घर आणि आमचें घर यांत फरक होता. त्यांच्या घरची बोली पुण्याची, आमच्या वडिलांची शाळेंतून आलेली, आणि आमच्या आजीची अहिराणी. आमच्या लहानपणीं धुळ्याच्या घरीं रात्रीं काका चिमणरावांची एखादी गोष्ट मोठ्यानें वाचीत. आजी कोपऱ्यांत शेंगा फोडीत बसे. एकदां चिमणरावांनीं काऊच्या एका चुकीचें सविस्तर वर्णन केलें होतें, तें ऐकून सर्वजण हंसलों, आजी थांबून म्हणाली, "मंग भाऊ, ती काऊ काय म्हनस?" काकांनीं पानें मागेंपुढें केलीं. चिमणराव सांगतात तेवढेंच काऊ बोलते, त्याहून अधिक उत्तर पुस्तकांत नव्हतें. आम्ही मुलें पुन्हां हंसलों; पण या खेपेस चिमणरावांना नव्हे, आजीच्या 'म्हनस'ला. आजी कांहीं बोलली नाहीं, आणि पुढें वाचन चालूं असतां तिनें कधीं प्रश्न विचारला नाहीं.

ही लहानशी गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षें विसरलों होतों. आज असें वाटतें कीं, कौटुंबिक विनोदाच्या साऱ्या इतिहासाचा प्रश्न आजीनें एका वाक्यांत विचारला होता. घरांत चार-पांच माणसें असतां हकीकत सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि हंसें कोणाचें व्हावयाचें?

चित्रपटानें या प्रश्नास प्रथम वेगळी दिशा दिली. १९४२ सालीं मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाखालीं 'सरकारी पाहुणे' निघाला. त्यांत दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पडद्यावर चिमणराव दिसूं लागले, त्याबरोबर त्यांचें निवेदन मागें पडलें. पुस्तकांत जो मनुष्य आपल्या गंभीरपणानें हंसवीत होता तो आतां डोळे, चाल आणि पोशाख यांनीं हंसवूं लागला. दामूअण्णांचें सामर्थ्य मोठें, यांत शंका नाहीं. परंतु वाचकास चिमणरावांच्या डोक्यांत शिरून स्वतःची ओळख पटत असे, तर प्रेक्षक त्यांना बाहेरून पाहत होता. बाहेरून पाहिलेला मूर्ख नेहमीं दुसराच कोणी तरी असतो.

यानंतर नभोवाणीचा काळ आला. मुंबई आकाशवाणीवरील 'पुन्हां प्रपंच' ऐकलेलीं माणसें आजही टेकाडे भाऊजी, मीनावहिनी आणि पंत यांचीं नांवें शेजाऱ्यांचीं घ्यावींत तशीं घेतात. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर या तिघांच्या आवाजांवर हा संसार उभा होता. येथें निवेदक नाहीं आणि शरीरही नाहीं. आहे तें केवळ बोलणें. बोलण्याला उत्तर लागतें. मीनावहिनी गप्प बसल्या तर त्या रेडिओवर असून नसल्यासारख्याच होत! त्यामुळें माध्यमाच्या गरजेनेंच घरांतल्या बाईस आपली बाजू मांडतां आली. विनोदाची धार थोडी बोथट झाली, पण तिची दिशा एकाच माणसाकडे राहिली नाहीं. आजीनें विचारलेल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळालें.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धांत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं चिमणराव-गुंड्याभाऊंस तेथें पुन्हां उभें केलें. मुंबई-पुण्याच्या घरांत या मालिकेचें केवढें कौतुक झालें तें आम्ही ऐकून होतों. केवळ ऐकूनच, कारण दूरदर्शनच्या लहरी त्या वेळीं खानदेशापर्यंत पोचत नव्हत्या. मुंबईचे नातलग सुटींत येत आणि प्रभावळकरांची नक्कल करून दाखवीत. आम्ही त्या नकलेला हंसत असूं.

या अवधींत एक मोठा बदल घडून गेला होता. पहिल्या पुस्तकाला आतां चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. जो संसार १९३२ च्या वाचकास शेजारचा होता तो आतां जुन्या काळचा झाला होता. तो कोट आतां प्रेक्षकांच्या अंगावर नव्हता, आजोबांच्या तसबिरींत होता. साहजिकच हंशांतली बोचणी गेली आणि तिच्या जागीं माया आली. ज्या भाबड्या अहंकाराची जोशांनीं थट्टा केली होती तोच आतां गेलेल्या काळाचा साधेपणा म्हणून गोड वाटूं लागला. यांत नटांचा दोष नाहीं. काळ हाच सर्वांत प्रेमळ आणि म्हणूनच सर्वांत अविश्वासू टीकाकार आहे.

असा पालट आमच्याकडेच झाला असें नाहीं. अमेरिकेंत १९७१ सालीं नॉर्मन लिअर यांनीं 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका आणली. आर्ची बंकर या कुटुंबप्रमुखाचे वर्णाविषयींचे व परकीयांविषयींचे पूर्वग्रह हास्यास्पद करून दाखवावे हा तिचा हेतु. परंतु विडमर आणि रोकीच या दोन संशोधकांनीं १९७४ सालीं असें दाखविलें कीं, ज्यांच्या मनांत तेच पूर्वग्रह होते त्यांना आर्चीचें म्हणणें पटतच होतें. ते त्याच्याबरोबर हंसत होते, त्याला नव्हे. मालिका लांबत गेली तसा आर्चीही मवाळ आणि लाडका होत गेला. वर्षानुवर्षें दर आठवड्यास घरीं येणाऱ्या माणसाचा तिरस्कार करणें कठीण असतें. कौटुंबिक विनोदाचा हा जणूं स्वभावधर्मच आहे: तो दोष दाखविण्यास निघतो आणि दोषांसकट माणसाला जवळ घेऊन बसतो.

प्रभावळकरांनींच पुढें 'अनुदिनी' हें सदर लिहिलें आणि त्यावरून केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखालीं 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली. या वेळेपावेतों जळगांव-धुळ्याच्या घरांतही वाहिन्या पोचल्या होत्या. ती आम्ही पुण्या-मुंबईच्या बरोबरीनें पाहिली. टिपऱ्यांच्या घरांत रोजनिशीचा मान एकट्या कर्त्या पुरुषाकडे नाहीं. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या या प्रत्येकाला आपलें असें म्हणणें आहे. चिमणरावांची एक लेखणी पांच हातांत वांटली गेली. काऊ काय म्हणते याचें उत्तर, सुमारें सत्तर वर्षांनीं कां होईना, श्यामलेनें दिलें.

या उत्तराचें आम्ही स्वागत करतों; तथापि त्याची किंमतही नमूद केली पाहिजे. प्रत्येकाची बाजू समजली म्हणजे कोणीच पुरता हास्यास्पद राहत नाहीं. टिपऱ्यांकडील भांडण प्रायः समजुतीनें मिटतें, आणि प्रेक्षक समाधानानें उठतो. चिमणरावांच्या गोष्टी वाचून उठणारा मात्र थोडा अस्वस्थ असे. आपणही असेच तर नाहीं ना, ही शंका त्याच्या मनांत राहत असे. न्याय वाढला तशी चिकित्सा घटली. या दोहोंचा मेळ घालणारा विनोद अद्याप व्हावयाचा आहे.

आणखी एक घर तर या सर्व प्रवासांत बाहेरच राहिलें. चिमणराव, पंत, टिपरे या सर्वांची बोली एकच. आमच्या आजीची बोली त्यांच्या उंबऱ्याआंत आली नाहीं. खानदेशच्या स्त्रियांस विनोद ठाऊक नव्हता असें कोण म्हणेल? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षानें, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली, तेव्हां संसाराकडे मिस्किलपणें पाहणारी केवढी तीक्ष्ण दृष्टि येथल्या घराघरांत अबोल राहिली होती हें महाराष्ट्रास कळलें. अलीकडे धुळें-जळगांव भागांत अहिराणींतून विनोदी चित्रफिती निघूं लागल्या आहेत आणि तरुण मंडळी त्या हातांतल्या यंत्रावर पाहून हंसत असते. त्यांतल्या कित्येकांत आरडाओरड फार आणि निरीक्षण थोडें, ही तक्रार खोटी नाहीं. परंतु पहिल्या प्रथम आमची बोली तेथें हंसूं आणणाऱ्या घरधन्याच्या आणि घरधनिणीच्या तोंडीं आहे. तिच्या उच्चारांवरच विसंबून हंसवावयाचें, कीं त्या बोलींत संसाराची पारख करावयाची, याचा निवाडा व्हावयाचा आहे. तो लेखकांइतकाच हंसणारांच्याही हातीं आहे.

गेल्या दिवाळींत आमच्या नातवंडांस आम्ही चिमणरावांची तीच गोष्ट वाचून दाखविली. कोट, पगडी, दंडुका यांचा अर्थ सांगावा लागला. तरीही मुलें हंसलीं, याचें श्रेय जोशांना. वाचन संपल्यावर आम्ही आजीचा प्रश्न तिच्याच शब्दांत त्यांना सांगितला. 'म्हनस' हा शब्द ऐकून कोणी हंसलें नाहीं. धाकटी नात थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पण खरंच आजोबा, काऊ काय म्हणाली असेल?" त्या रात्रीं पुस्तक मिटल्यावरही बराच वेळ घरांतलीं माणसें काऊच्या वतीनें बोलत बसलीं होतीं.